पंचेचाळीस वर्षांची डोलकाठी

कॅलिफोर्नियात जुनी शिडाची बोट जवळजवळ फुकट मिळते. १९७० च्या दशकात इथे फायबरग्लासच्या बोटींची लाट आली होती. मध्यमवर्गीय कुटुंबं स्टेशन वॅगन घ्यावी तशी पंचवीस-सत्तावीस फुटी बोट घेत होती. ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. फायबरग्लास लाकडासारखं कुजत नाही, त्यामुळे बोटी मात्र तशाच तरंगताहेत. मुलांना त्या नको असतात, कारण खरा खर्च बोटीचा नसतोच, ती बांधून ठेवायच्या जागेच्या भाड्याचा असतो. म्हणून जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'चांगल्या घरी द्यायची आहे.' कुत्र्याच्या पिल्लांसाठी लिहितात तसं.

मी चिंचवडचा. कॉम्प्युटर इंजिनिअर. समुद्राशी संबंध म्हणजे गेटवेवरून मांडव्याला जाणारी लाँच, तीही वर्षातून एकदा. तरीही २०२२ च्या वसंतात ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर मी अशी एक बोट घेतली. तो चेन्नईचा, लहानपणापासून मरीना बीचवर वाढलेला, पण शिडाला हात न लावलेला. दोघांनी दीड-दीड हजार डॉलर घातले. बोट १९७९ ची, सत्तावीस फुटी, म्हणजे माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. ओकलंडसमोर अलामीडा नावाचं बेट आहे, मधे खाडी. तिथे ती उभी असते.

खाडीत वारा मवाळ. पण बे ब्रिजच्या पलीकडे गेलं की गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाचं आतलं खोरं भाजून निघतं, तिथली हवा वर जाते, आणि बाहेर पॅसिफिकचं पाणी मात्र थंडगार असतं. त्या खोऱ्याकडे धावणाऱ्या समुद्रावरच्या हवेला डोंगररांगेत सगळ्यांत मोठी फट मिळते ती गोल्डन गेटची. त्यामुळे जून ते ऑगस्ट, जेवणं झाली की रोज ठरल्यासारखा वीस-पंचवीस नॉटचा वारा. ताशी चाळीसेक किलोमीटर. पावसाळ्यात कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, तेव्हा इथल्या खेळकर लोकांचा खरा हंगाम चालू असतो.

या वाऱ्यात शिडावर येणारा सगळा जोर डोलकाठीवर येतो. आणि डोलकाठी कशावर उभी असते हे मला बोट घेईपर्यंत ठाऊक नव्हतं. बहुतेकांना वाटतं ती खांबासारखी रोवलेली असते. काही बोटींत ती खरंच तळापर्यंत जाते. आमची मात्र डेकवर, तळहाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या बैठकीवर नुसती टेकलेली. पूर्वी गच्चीवर टीव्हीचा अँटेना उभा करायचे आणि चहूबाजूंनी तारा ताणून बांधायचे, आठवतं? तेच तंत्र. चौतीस फुटी पोकळ ॲल्युमिनियमचा खांब आणि आठ तारा. एक पुढे नाळेला, एक मागे, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन. निम्म्या उंचीच्या जरा वर दोन आडवे हात असतात, स्प्रेडर म्हणतात त्यांना. टोकापासून येणाऱ्या तारा ते बाहेर ढकलून धरतात, म्हणजे कोन रुंद होतो आणि ओढ कमी पुरते.

तार तीन-सोळांश इंचाची, पाच मिलिमीटरलाही थोडी कमी. एकोणीस बारीक तारांचा पीळ. नवी असताना ती तुटायला दोन टनांच्या आसपास ओढ लागते. म्हणजे तार ही अडचण नव्हे. अडचण टोकांची. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पोलादी नळी दाबून बसवलेली (तिला स्वेज म्हणतात), तिला पिन, खाली ताण कमी-जास्त करायला आट्यांचं टर्नबकल, त्याला आणखी एक पिन, मग डेकमधून आत जाणारी पट्टी. वर डोलकाठीला बोल्टने धरलेली दुसरी पट्टी. एकदा बसून मोजलं. पन्नासच्या वर जागा निघाल्या. त्यातली चुकीच्या क्षणी एक जरी गेली तरी वरचं सगळं खाली. आमच्या धंद्यात एक सर्व्हर पडला तर दुसरा उभा राहावा अशी व्यवस्था करण्यातच अर्धं आयुष्य जातं. इथे तशी काहीच नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये आईबाबांची ऑगस्टची तिकिटं काढली. आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "त्या होडीत मला बसवणार ना?" मी हो म्हटलं आणि त्या रात्री बोटीची जुनी कागदपत्रं काढून बसलो. आधीच्या मालकांनी गाद्यांच्या खोळींची बिलं जपून ठेवली होती. रंगाची, इंजिनाची, १९८८ साली घेतलेल्या स्टोव्हचीसुद्धा. तारांचं एकही बिल नाही. खाऱ्या पाण्यातल्या बोटीच्या तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्यात असा इथला सर्वसाधारण ठोकताळा आहे. आमच्या बहुधा मूळच्याच होत्या.

माझ्या भागीदाराचं म्हणणं होतं, पंचेचाळीस वर्षं उभी आहे, आणखी एक उन्हाळा राहील. हे वाक्य त्या धक्क्यावर सगळेच म्हणतात. ज्यांची पडली ते आता तिथे नसतात, हा त्यातला भाग.

मी बाबांना विचारलं. बाबा भोसरीतल्या एका फोर्जिंगच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्वालिटीला होते. ट्रकच्या ॲक्सलचे, स्टिअरिंगचे तुकडे तपासायचे. त्यांच्या कामाबद्दल आमचं कधी फारसं बोलणं झालं नव्हतं. ते तेलकट वासाचा डबा घेऊन घरी यायचे, मी अभ्यास करत असायचो, आणि मला त्या वासापासून लांब जाता यावं यासाठीच तर सगळी धडपड होती, त्यांचीही. रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या रात्री, मी कॅमेरा टर्नबकलजवळ नेला.

"स्टेनलेस आहे?"

"हो. गंज नाही दिसत. थोडा तपकिरी डाग आहे नळीच्या तोंडाशी."

"तोच बघायचाय. डीपी केलीस का?"

मला डीपी म्हणजे व्हॉट्सॅपचा फोटो एवढंच माहीत. डाय पेनिट्रंट. तुकडा चांगला धुवायचा, लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं. रंग पातळ असतो, भेग असेल तर आत शिरतो. मग वरचा पुसून काढायचा आणि पांढरी पावडर फवारायची. पावडर आतला रंग शोषून वर आणते आणि डोळ्यांना न दिसणारी भेग पांढऱ्यावर लाल रेघ म्हणून उमटते. तीन डब्यांचा संच इथे ऑनलाइन मिळाला.

स्टेनलेसबद्दल आपली समजूत ताटवाट्यांवरून झालेली असते. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बनतो आणि तोच त्याला वाचवतो. ओरखडा पडला तर हवेतला ऑक्सिजन घेऊन थर परत जुळतो. ग्यानबाची मेख ही की त्याला ऑक्सिजन लागतो. नळीच्या आत, जिथे तार शिरते तिथल्या फटीत, खारं पाणी साचतं आणि हवा पोचत नाही. तिथे थर मोडतो तो जुळत नाही, आणि धातू आतून खाल्ला जातो. बाहेरून चकचकीत. तारांच्या खालच्या टोकांना हे आधी होतं, कारण तिथल्या नळीचं तोंड वर असतं, वाटीसारखं. पावसाचं, तुषारांचं पाणी तारेवरून ओघळत नेमकं तिथेच येतं. बोटींसाठी ३१६ जातीचं स्टेनलेस वापरतात, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मीठ त्यामुळे उशिरा चावतं. चावत नाही असं नाही.

सोळा टोकांपैकी हाताला लागणाऱ्या खालच्या आठांची डीपी केली. तिघांवर उभी लाल रेघ आली. त्यातली एक उजव्या बाजूच्या मुख्य तारेची, जवळजवळ नळीभर लांब. मग मित्राने मला दोरीने वर ओढलं आणि मी स्प्रेडर जिथे डोलकाठीला जोडतात तो ओतीव ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट पाहिला. तिथे रंगाची गरजच पडली नाही. भेग नखाला लागत होती. ज्या काठीला भेग आहे तिच्याच मध्यावर आपण लटकतो आहोत हे वर गेल्यावर फार स्पष्ट कळतं.

सगळे फोटो बाबांना पाठवले. त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं. "रिजेक्ट."

यानंतरचा महिना बोटीचा नव्हता, मित्राचा होता. आठ तारा, टर्नबकल, नवे ब्रॅकेट, वरच्या कप्प्या, बोल्ट, क्रेनचं भाडं, सगळं मिळून अंदाज आला साडेचार हजार डॉलरचा. बोटीच्या किमतीच्या दीडपट. त्याच सुमारास आमच्या कंपनीत कपातीची दुसरी फेरी झाली. आम्ही दोघंही वाचलो, पण एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची किंवा देश सोडायचा, हा हिशेब तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात सतत चालू होता. मित्राचं लग्न ठरलेलं. तो म्हणाला, "साठ दिवसांचं भाडं मी बँकेत ठेवू की समुद्रावर उभ्या केलेल्या खांबात घालू?" चिडून नाही, खरंच विचारत होता. त्याचा तोडगा होता, वारा वाढायच्या आत सकाळी सकाळी जाऊन यायचं, शीड लहान ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी बघायचं. मी म्हटलं, त्या तारेखाली मी आईला बसवणार नाही. तो म्हणाला, मग आईला बसवू नकोस. दोघांचंही बरोबर होतं. अशा भांडणात आवाज चढत नाही आणि ते लवकर मिटतही नाही.

शेवटी त्याने त्याचा हिस्सा एक डॉलरला माझ्या नावावर केला. कागदावर काहीतरी रक्कम लागते म्हणून एक डॉलर. जेवणाच्या टेबलावर आम्ही अजून एकत्र बसायचो, पण बोटीचा विषय निघाला की दोघंही फोन बघायचो.

जुलैच्या मध्यावर यार्डाच्या क्रेनने डोलकाठी उतरवली आणि दोन घोड्यांवर आडवी ठेवली. उभी असताना रुबाबदार दिसणारी ही वस्तू आडवी झाली की म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात पाहिल्यासारखं वाटतं. वरच्या टोकातून गांधीलमाशीचं वाळलेलं पोळं निघालं. कप्पीचा आस झिजून अंडाकृती झाला होता. आतली दिव्याची वायर बोटाने चुरली जात होती.

जुन्या तारा काढून मी एका रिगर बाईंकडे दिल्या. साठीच्या असाव्यात, हातावर दोऱ्यांचे जुने वळ, दुकानात रेडिओवर कायम बेसबॉल. त्या मोजपट्टीवर विश्वास ठेवत नाहीत. जुनी तार बाकावर ताणून पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत नवी त्यावरच बेततात. भेगाळलेली नळी त्यांनी माझ्यासमोर करवतीने उभी कापली. एकोणीसपैकी पाच तारा आत आधीच तुटलेल्या होत्या. "मंगळवारी मिळतील," एवढंच त्या म्हणाल्या. मी तो कापलेला तुकडा खिशात टाकला.

तारा नव्या करणं हे पैशांचं काम. खरं काम स्क्रूंचं. ॲल्युमिनियमच्या काठीत स्टेनलेसचे स्क्रू, मधे पंचेचाळीस वर्षांचं मीठ. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्याने जोडले की त्याची बॅटरी होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते आणि स्क्रू जणू वितळवून ओतल्यासारखा होतो. असे चोवीस स्क्रू होते. पहिल्या दोन शनिवारांत माझे सहा निघाले.

आईबाबा दोन ऑगस्टला उतरले तेव्हा काठी अजून आडवीच होती. आई म्हणाली, "ही झोपलीय की रे." बाबा काही बोलले नाहीत. जेट लॅगमध्ये पहाटे चारला उठले, बॅग उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेला निडल फाइल्सचा संच बाहेर काढला. "कस्टमवाल्याने विचारलं असतं तर?" मी म्हटलं. "सांगितलं असतं, मुलाच्या घरी काही नसतं."

पुढचे दोन आठवडे शनिवार-रविवार ते यार्डात. मी स्क्रूवर जोर लावायचो, ते लावू द्यायचे नाहीत. आधी तेल. मग छोट्या टॉर्चने भोवतालची काठी तापवायची, स्क्रू नाही. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते. परत तेल. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचा एकच ठोका, आणि तो आधी आवळायच्या दिशेने, चिमूटभर. "त्याला आधी हलू दे. कुठल्या का बाजूला होईना." ठोक्याचा आवाज ते ऐकायचे. घट्ट असेल तर टणक वाजतं, सुटला की आवाज बसतो. मला फरक कळायला दुसरा रविवार उजाडला. अठरापैकी पंधरा अखंड निघाले, तीन ड्रिल करावे लागले. शेजारच्या बोटीवरचा माणूस येऊन बघत उभा राहायचा. एकदा त्याने स्वतःचा अडकलेला शॅकलच आणून बाबांच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, शॅकल सुटला.

आई घडीच्या खुर्चीत शेंगा सोलत बसायची. मधेच म्हणाली, "अहो, कारखान्यात असंच करायचात का दिवसभर?" बाबा म्हणाले, "नाही. तिथे मी फक्त बाद करायचो. दुरुस्त करायला मिळायचं नाही."

तेल मुरेपर्यंत अर्धा-अर्धा तास थांबावं लागतं, तेव्हा गप्पा. बाबांना २०१८ ची बातमी आठवत होती. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे जग फिरत असताना त्या सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले, 'थुरिया'च्या दोन्ही डोलकाठ्या मोडल्या, आणि पाठीला जबर मार बसून ते पर्थच्या पश्चिमेला तीन हजारांवर किलोमीटरवर तीन दिवस पडून होते. 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. ती थुरिया गोव्यात बांधलेली, आणि ती ज्या 'सुहैली'ची प्रतिकृती होती ती मुंबईत, सागवानात. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन त्याच बत्तीस फुटी सुहैलीतून १९६८ च्या जूनमध्ये निघाले आणि ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी म्हणून परतले. मी सांगितलं की टॉमी शस्त्रक्रिया झालेला कणा घेऊन २०२२ ला त्याच शर्यतीत परत उतरले आणि दुसरे आले. बाबा बराच वेळ फाइल घासत राहिले. मग म्हणाले, "सागवान होता तेव्हा तडा दिसायचा तरी."

जोडणी सोपी असते, फक्त वेळ खाते. प्रत्येक स्क्रूला जस्ताची पेस्ट, म्हणजे दोन धातू परत एकमेकांना भिडू नयेत. पट्ट्यांचे आरपार बोल्ट आवळताना पोकळ काठी चेपू नये म्हणून आत बरोबर मापाची नळी. ती नळी बाबांनी कापली, दोन्ही तोंडं घासून काटकोनात आणली, आणि काठीत सरकवण्यापूर्वी सवयीने उजेडात धरून आरपार बघितली. पिना नव्या, कॉटर पिना नव्या, त्यांची टोकं वळवून वर टेप, शीड फाटू नये म्हणून.

डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाशी नाणं ठेवायची फार जुनी रीत आहे. रोमन काळातल्या बुडालेल्या जहाजांत अशी नाणी सापडलीत. इथले लोक क्वार्टर किंवा चांदीचा डॉलर ठेवतात. माझी तक्रार एवढीच की तांब्याचं किंवा निकेलचं नाणं ॲल्युमिनियमच्या बुडाखाली म्हणजे पुन्हा तीच बॅटरी. आईने पर्समधल्या चेनच्या कप्प्यातून वीस पैशांचं षटकोनी नाणं काढलं. ॲल्युमिनियमचं. ३० जून २०११ पासून ते चलनातही नाही. तिने ते का बाळगलं होतं हे तिलाही सांगता येईना.

उभं करायच्या दिवशी क्रेनखाली काठीचं बूड धरायला चौथा माणूस हवा होता. मी मित्राला मेसेज केला नव्हता. आईने केला होता, माझ्या फोनवरून, जेवायला ये म्हणून. तो आला, हातमोजे घातले, आणि बूड नाण्यावर बरोबर बसेपर्यंत गुडघ्यांवर बसून राहिला. नंतर आम्ही चौघांनी धक्क्यावर थालीपीठं खाल्ली. खर्चाबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. कापलेल्या नळीचा तुकडा मी त्याला दाखवायचं ठरवलं होतं. खिशातच राहू दिला.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही बाहेर पडलो, मित्र सुकाणूवर. काठीच्या टोकावरून दोर आणून दोन्ही बाजूंना मोजून ती मधोमध आणली होती, मुख्य तारांना गेज लावून तुटण्याच्या ताकदीच्या दहा-पंधरा टक्के ताण दिला होता. पण खरी जुळणी वाऱ्यातच होते. बोट पंधरा अंश कलली की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या तारा किती ढिल्या पडतात ते बघायचं. हलक्या सैल झाल्या तर ठीक, लोंबकळायला लागल्या तर ती बाजू अर्धा फेरा आवळायची, मग बोट फिरवून दुसरी तेवढीच. ट्रेझर आयलंडच्या पुढे वारा बावीस नॉट. आईने पहिल्या कलण्याला माझा दंड धरला, दुसऱ्याला सोडला, तिसऱ्याला विचारलं की अजून जोरात जात नाही का.

बाबा मागे बसले होते, हातात वही. आट्यांचे फेरे ते मोजून लिहीत होते, बाजू, तार, किती फेरे, तारीख. चार वेळा बोट फिरवल्यावर त्यांनी डाव्या बाजूच्या तारेकडे पेन्सिल रोखली.

"आणखी अर्धा," ते म्हणाले.